कांदा, खजूर आणि अश्रूंचे दार

रोजा सोडताना दस्तरख्वानावर पहिला मान खजुराचा. गरिबाचे घर असो की श्रीमंताचे, मगरिबची अजान झाली की हात आधी खजुराकडे जातो. हा खजूर आपल्या मातीतला नाही. कधी तो इराकचा असतो, कधी इराणचा, कधी सौदीचा. समुद्र ओलांडून, बंदरात उतरून, वाशीच्या बाजारातून तो आपल्या गावच्या हातगाडीवर येतो.

उलट दिशेचा प्रवास मात्र आपल्या फारसा लक्षात येत नाही. आपल्या आधी तासभर ढाक्यात रोजा सुटतो. तिथल्या इफ्तारमध्ये मसूर डाळ आणि कांद्याचे ‘पियाजू’ नावाचे भजे असतेच, आणि त्यातला कांदा बऱ्याचदा लासलगावच्या किंवा पिंपळगावच्या बाजार समितीतून गेलेला असतो. आपल्यानंतर तासाभराने दुबईत, मस्कतमध्ये रोजा सुटतो. तिथल्या फळांच्या ताटात सोलापूर-जळगावची केळी आणि निफाड-दिंडोरीची द्राक्षे असतात. ती खाणारा प्रत्येक जण अरबच असतो असे नाही. खेड-चिपळूणहून कामाला गेलेला एखादा कोकणी भाऊही तिथे आपलाच कांदा चिरत बसलेला असतो.

हिजरी वर्ष चंद्रावर चालते, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. गेली दोन-तीन वर्षे तो नेमका द्राक्षाच्या हंगामात येत आहे आणि पुढेही दोन-तीन वर्षे येईल. म्हणजे आखातात मागणी वाढते तेव्हाच आपल्याकडे माल तयार असतो. बाजाराच्या भाषेत याला नशीब म्हणतात. पण माल आणि मागणी यांच्यामध्ये समुद्र आहे, सीमा आहेत, आणि त्या दोन्हींवर राज्य करणारे राजकारण आहे. ते बिघडले की इथला भाव बिघडतो. ते कसे, हे या लेखात पाहू.

तीस किलोमीटरची खिंड

येमेन आणि आफ्रिका यांच्यामध्ये समुद्राची एक चिंचोळी खिंड आहे. रुंदी जेमतेम तीस किलोमीटर. अरबीत तिला ‘बाब-अल-मंदब’ म्हणतात. बाब म्हणजे दार, आणि नावाचा अर्थ साधारण ‘अश्रूंचे दार’ असा होतो. जुन्या काळी तिथे जहाजे बुडत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. हिंदी महासागरातून तांबड्या समुद्रात आणि तिथून सुएझ कालव्याने युरोपात जायचे तर या दारातूनच जावे लागते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझाचे युद्ध सुरू झाले. १९ नोव्हेंबरला येमेनच्या हूती बंडखोरांनी ‘गॅलेक्सी लीडर’ हे मालवाहू जहाज पळवून नेले आणि त्यानंतर जहाजांवर ड्रोन व क्षेपणास्त्रांचे हल्ले सुरू झाले. डिसेंबरमध्ये मर्स्क, एमएससी, हापाग-लॉईड अशा मोठ्या कंपन्यांनी आपली जहाजे तांबड्या समुद्रातून काढून घेतली आणि आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून न्यायला सुरुवात केली. वास्को द गामा ज्या वाटेने आला होता तीच ही वाट. प्रवास दहा ते चौदा दिवसांनी वाढला.

लोखंडाला किंवा कापडाला दोन आठवडे जास्त लागले तर फार बिघडत नाही. द्राक्षाचे तसे नाही. ऑक्टोबरच्या छाटणीपासून बागायतदार या मालाला तळहातावरच्या फोडासारखा जपतो. औषधांचा उर्वरित अंश तपासला जातो, मण्यांचा आकार मोजला जातो, पॅकहाऊसमध्ये बाया एकेक घड कात्रीने साफ करून डब्यात भरतात. मग माल थंड होऊन रीफर कंटेनरमध्ये चढतो. घड वेलीवरून तुटल्या क्षणी त्याचे आयुष्य मोजायला लागते. पूर्वी तीन-साडेतीन आठवड्यांत रॉटरडॅमला पोहोचणारा डबा पाच आठवड्यांनी उघडला तर देठ वाळलेला असतो, मणी सैल झालेला असतो. तिथला खरेदीदार भाव पाडतो. आणि बऱ्याच व्यवहारांत शेतकऱ्याचा शेवटचा हिशोब तिथल्या विक्रीनंतरच होतो. म्हणजे येमेनजवळ डागलेल्या क्षेपणास्त्राची किंमत शेवटी निफाडच्या बागेत वसूल होते.

यात आणखी एक गंमत आहे, जी नकाशा समोर घेतल्याशिवाय कळत नाही. दुबईला जायला तांबडा समुद्र लागत नाही. मग आखाती व्यापाराला काय फरक पडणार, असे वाटते. पण सौदी अरेबियाचे मोठे बंदर जेद्दा हे तांबड्या समुद्रावर आहे. मक्का-मदिनेच्या यात्रेकरूंसाठी लागणारा माल बहुतांशी तिथेच उतरतो. तिथे जायचे तर पुन्हा तेच अश्रूंचे दार. नाहीतर माल आखाताच्या बाजूला दम्मामला उतरवायचा आणि ट्रकने वाळवंट ओलांडायचे. शिवाय जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली की रिकामे कंटेनर परत यायला उशीर होतो. न्हावाशेव्याला कंटेनरची टंचाई होते, आणि ज्या जहाजाला येमेनशी काही देणेघेणे नाही त्याचेही भाडे वाढते.

जानेवारी २०२५ मध्ये गाझात युद्धविराम झाला तेव्हा ही वाट पुन्हा खुली होईल अशी आशा होती. मार्चच्या मध्यात, ऐन रमजानात, ती आशा मावळली. अमेरिकेने हूतींवर हल्ले सुरू केले, गाझातही बॉम्ब पुन्हा पडू लागले. तिथे माणसे मेली, त्यांच्या दुःखापुढे आपला तोटा काहीच नाही. पण तोटा आहे, आणि तो कुठून येतो ते समजून घेणे आपले काम आहे.

सीमेवर थांबलेले ट्रक

बांगलादेशाशी आपला व्यापार समुद्रापेक्षा रस्त्याने जास्त. नाशिकचा कांदा ट्रकने किंवा रेल्वेने पश्चिम बंगालमध्ये जातो आणि पेट्रापोल, हिली अशा नाक्यांवरून पलीकडे उतरतो. ५ ऑगस्ट २०२४ ला विद्यार्थी आंदोलनानंतर पंतप्रधान शेख हसीना यांनी राजीनामा देऊन देश सोडला. सीमेवरचे व्यवहार काही दिवस ठप्प झाले. कांद्याचे ट्रक रांगेत उभे राहिले. ऑगस्टच्या दमट हवेत गोणीतला कांदा किती दिवस टिकतो ते इथल्या कोणत्याही हमालाला विचारा. ८ ऑगस्टला मुहम्मद युनूस यांचे हंगामी सरकार आले, नाके हळूहळू सुरू झाले. पण दोन्ही देशांतला जुना जिव्हाळा परतला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कराचीहून एक मालवाहू जहाज अनेक वर्षांनी थेट चितगावला लागले. त्यात कांदाही होता.

विदर्भाची संत्री याहून वेगळ्या कारणाने अडली. अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-मोर्शी भागाची संत्री वर्षानुवर्षे बांगलादेशात जात. तिथे २०१९ मध्ये किलोमागे २० टका असलेले आयातशुल्क वाढत वाढत २०२३ मध्ये ८८ टकांवर गेले. कारणांची साखळी पाहण्यासारखी आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. इंधन आणि गहू महागले. बांगलादेशाचे डॉलर त्यात खर्च होऊ लागले. डॉलर वाचवायचे म्हणून ढाक्याच्या सरकारने परदेशी फळांना चैनीच्या वस्तूंसारखे धरून त्यांच्यावर जादा कर बसवला. संत्री तिथल्या सामान्य माणसाला परवडेनाशी झाली आणि वरूडचा बागायतदार झाडाखाली पडलेल्या फळांकडे पाहत राहिला. त्याने ना रशियाचे काही बिघडवले होते, ना युक्रेनचे.

पण इथे एका गोष्टीकडे डोळेझाक करून चालणार नाही. बांगलादेशाच्या दृष्टीने ‘परदेशातील अस्थिर परिस्थिती’ म्हणजे आपण. २९ सप्टेंबर २०१९ ला दिल्लीने कांद्याची निर्यात एका दिवसात बंद केली. ढाक्यात कांदा २०० टका किलोच्या वर गेला, तुर्कस्तान-इजिप्तचा कांदा विमानाने आणावा लागला. शेख हसीना त्या वेळी दिल्लीच्या भेटीवर आल्या होत्या. आपण स्वयंपाक्याला कांदा वापरू नको म्हणून सांगितले आहे, आणि निदान आधी कळवत जा, असे त्या हसत हसत म्हणाल्या होत्या. हसणे वरवरचे होते. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी आली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ८ डिसेंबर २०२३ ला पुन्हा बंदी. १ मार्च २०२४ ला, रमजानच्या तोंडावर, सरकारने बांगलादेशाला ५० हजार टन आणि अमिरातीला १४ हजार ४०० टन एवढाच कांदा सहकारी निर्यात संस्थेमार्फत जाऊ दिला. म्हणजे कांदा हा व्यापाराचा माल राहिला नाही, दोन सरकारांमधली भेट झाला. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण शुल्क राहिले. पुढे ते उरलेले २० टक्के शुल्क १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले, ही आनंदाची बातमी.

आनंद आहेच. पण गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानाची पायरी चढले की लगेच परत येत नाही. आपण दार बंद केले तेव्हा आखातात पाकिस्तानच्या व्यापाऱ्यांनी जागा धरली, बांगलादेशाने स्वतःचे पीक वाढवले. तिथला शेतकरीही आता मार्चमध्ये आपला कांदा काढतो आणि आयात थांबवा म्हणून ओरडतो. त्याचे ओरडणे आपल्या चांदवडच्या शेतकऱ्याच्या ओरडण्याहून वेगळे नाही.

माल पोहोचला, पैसे कुठे आहेत?

निर्यातीत दोन प्रवास असतात. माल जातो आणि पैसा येतो. राजकारण कधी पहिली वाट अडवते, कधी दुसरी.

इराणचे उदाहरण घ्या. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराणशी डॉलरमध्ये व्यवहार करणे बँकांना अवघड झाले. तेव्हा भारताने २०१२ पासून एक युक्ती काढली. आपण इराणकडून तेल घ्यायचे आणि त्याची काही रक्कम रुपयांत कोलकात्याच्या युको बँकेतल्या खात्यात जमा करायची. इराणने भारताकडून घेतलेल्या बासमती तांदळाचे, चहाचे, औषधांचे पैसे त्याच खात्यातून चुकते व्हायचे. गावच्या किराणा दुकानातल्या वहीसारखा हा हिशोब होता. मे २०१९ मध्ये अमेरिकेच्या दबावामुळे तेलाची खरेदी थांबली. खात्यात भर पडणे बंद झाले आणि शिल्लक आटत गेली. इराणी माणसाला बासमती हवा होता, आपल्याकडे तो होता, दोघांत भांडण नव्हते. तरीही निर्यातदारांचे पैसे अडकू लागले, कारण ज्या विहिरीतून पाणी काढायचे तिचा झराच तिसऱ्याने बुजवला होता.

रशियाबाबत २०२२ मध्ये असेच झाले. नाशिकची द्राक्षे तिथे जातात. ऐन हंगामात, २४ फेब्रुवारीला युद्ध सुरू झाले. रशियाच्या मोठ्या बँका आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या ‘स्विफ्ट’ यंत्रणेतून बाहेर काढल्या गेल्या. पाण्यात असलेल्या मालाचे पैसे कोणत्या बँकेतून, कोणत्या चलनात येणार हे कोणालाच सांगता येईना. जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रुपयांत व्यवहार करण्याची सोय काढली, पण तोवर हंगाम संपला होता.

आणि कतार. हे उदाहरण रमजानचेच आहे. ५ जून २०१७, रमजानचा पहिला पंधरवडा. सौदी, अमिरात, बहरीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले. जमिनीची एकमेव सीमा बंद झाली. तोवर आपला कतारकडे जाणारा माल बराचसा दुबईच्या जेबेल अली बंदरात उतरे आणि तिथून लहान जहाजाने पुढे जाई. तो मार्ग एका रात्रीत बंद पडला. दोहात लोक इफ्तारच्या तयारीत असताना दुकानांतल्या फळ्या रिकाम्या होऊ लागल्या. पण व्यापाऱ्याची जात चिवट. ओमानच्या सोहार आणि सलाला बंदरांतून माल वळवला गेला. पुढे न्हावाशेवा आणि मुंद्रा इथून कतारच्या हमद बंदराकडे थेट जहाजे सुरू झाली. जानेवारी २०२१ मध्ये भाऊबंदकी मिटली, पण थेट वाटेचा धडा राहिला. दुसऱ्याच्या अंगणातून जाणाऱ्या वाटेवर कधी भरवसा ठेवू नये.

खारकेची गोष्ट

आता थोडे उलटे पाहू. ईद जवळ आली की घरोघरी शीरखुर्म्याच्या सामानाच्या याद्या निघतात. शेवया, दूध, चारोळी, बदाम आणि खारीक. ही खारीक फक्त शीरखुर्म्यात नसते. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात ती असते, ओटीत असते, सत्यनारायणाच्या पूजेत हळकुंड, सुपारी, बदामाच्या शेजारी मांडलेली असते. या खारकेने कधी कोणाचा धर्म विचारला नाही.

यातली बरीचशी खारीक पूर्वी पाकिस्तानातल्या सिंध प्रांतातून, खैरपूर भागातून येई. तिथे खजूर पिकायला आणि पाऊस यायला एकच गाठ पडते. पावसात फळ नासेल म्हणून शेतकरी ते अर्धे पिकलेले असतानाच उतरवतात, मोठ्या कढयांत उकळतात आणि उन्हात चटयांवर वाळवतात. हे काम करणाऱ्यांत मजूर बायका पुष्कळ असतात. या मालाचा सर्वात मोठा गिऱ्हाईक होता भारत.

१४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात आपले ४० जवान शहीद झाले. दुसऱ्या दिवशी सरकारने पाकिस्तानचा व्यापारातला खास दर्जा काढून घेतला आणि १६ तारखेला तिथून येणाऱ्या सगळ्या मालावर २०० टक्के शुल्क बसवले. देशाने घेतलेला तो निर्णय होता आणि त्यामागचा संताप प्रत्येक भारतीयाचा होता. ऑगस्टमध्ये पाकिस्ताननेही व्यापार थांबवला. त्या ईदला आपल्याकडे खारीक महागली, लोकांनी कुरकुर करत चार कमी घेतल्या आणि भागवले. खैरपूरच्या चटईवर बसणाऱ्या बाईचे कसे भागले असेल, हे आपल्याला कोणी सांगितले नाही. दहशत पसरवणाऱ्यांचे यात किती नुकसान झाले ते सरकारे जाणोत, पण कढईखाली जाळ घालणाऱ्याचे नक्की झाले.

वर्गात निर्यात व्यापार शिकवताना मी ही दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवतो. एका बाजूला वरूडची संत्री, दुसऱ्या बाजूला खैरपूरची खारीक. एका वर्षी दिंडोरीकडच्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, मग यात चूक कोणाची?” पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर नाही. पुस्तकात ‘राजकीय जोखीम’ असा शब्द आहे. पण ही जोखीम ज्यांच्या निर्णयातून जन्मते आणि ज्यांच्या अंगावर पडते, ती माणसे वेगळी असतात, एवढे तरी मुलांना कळले पाहिजे.

दीडशे वर्षांपूर्वीचा धडा

हे सगळे आजकालचे आहे असे समजू नये. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली. दक्षिणेचा कापूस इंग्लंडला जाईना, लँकेशायरच्या गिरण्या थांबल्या. तेव्हा इंग्रज व्यापाऱ्यांचे लक्ष मुंबईकडे वळले. खानदेश, वऱ्हाड, गुजरात, धारवाड इथल्या कापसाला सोन्याचे मोल आले. लोकांनी जुन्या गाद्यांतला कापूस काढून विकला, असे त्या काळच्या गोष्टी सांगतात. मुंबईत पैशाचा पूर आला. बँका निघाल्या, समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअर्सवर सट्टा चालू झाला. प्रेमचंद रायचंद हे या बाजाराचे बादशहा. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने उभा आहे.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. युद्ध संपले. जगाला आनंद झाला आणि मुंबईला घाम फुटला. अमेरिकेचा कापूस पुन्हा निघणार या बातमीने भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्यांचा दिवस आला तेव्हा देणी चुकवायला कोणाकडे काही नव्हते. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या, बँक ऑफ बॉम्बेसुद्धा पुढे गुंडाळावी लागली. प्रेमचंदांचेही दिवाळे निघाले. आणि ज्या शेतकऱ्याने ज्वारी सोडून कापूस लावला होता, त्याच्या हाती कर्ज राहिले.

दुसऱ्याच्या युद्धावर मिळालेली बरकत दुसऱ्याच्या तहाबरोबर जाते, हा त्याचा अर्थ. आजही एखाद्या देशावर निर्बंध आले, कुठे पूर आला, कोणी बंदी घातली की आपल्याकडे अचानक भाव चढतो. तो भाव कायमचा समजून कर्ज काढून बाग वाढवणाऱ्याने १८६५ चे साल लक्षात ठेवावे.

दार उघडतेही

परदेशातले राजकारण नेहमी नुकसानच करते असे मात्र नाही. अमेरिकेचा बाजार आपल्या आंब्याला अठरा वर्षे बंद होता. मार्च २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश भारतात आले. अणुकराराच्या वाटाघाटी चालल्या होत्या, संबंध सुधारत होते. त्या भेटीत आंब्याचाही विषय निघाला. एप्रिल २००७ मध्ये हापूसच्या पेट्या अमेरिकेला गेल्या. जाण्याआधी त्यांच्यावर विकिरण प्रक्रिया झाली ती आपल्या लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात. कांद्यासाठी उभारलेले केंद्र आंब्याच्या कामी आले. म्हणजे दार उघडले राजकारणाने, पण आत जाण्याची तयारी आपल्याकडे होती म्हणून फायदा झाला. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे अमेरिकेचे तपासनीस येऊ शकले नाहीत तेव्हा तेच दार पुन्हा लागले, आणि २०२२ मध्ये उघडले. २ एप्रिल २०२५ ला अमेरिकेने नव्या आयातशुल्काची घोषणा केली. 

आपल्या हाती काय?

येमेनचे युद्ध थांबवणे निफाडच्या बागायतदाराच्या हाती नाही. पण काही गोष्टी आहेत, ज्या आपल्याकडे माहिती नसल्यामुळे राहून जातात.

पहिली गोष्ट विम्याची. १९५७ पासून मुंबईत केंद्र सरकारची निर्यात पत हमी संस्था आहे. ‘ईसीजीसी’ या नावाने ती ओळखली जाते. खरेदीदाराने पैसे बुडवले तर ती भरपाई देतेच, पण त्याच्या देशात युद्ध झाले, क्रांती झाली, आयातीवर अचानक बंदी आली, सरकारने पैसा बाहेर जाऊ दिला नाही, तर त्या नुकसानीचाही मोठा हिस्सा देते. मोठे निर्यातदार हा विमा घेतात. छोटे व्यापारी “इतकी वर्षे काही झाले नाही” म्हणून हप्ता वाचवतात. मात्र एक ध्यानात ठेवावे. जहाजावरच्या मालाचा साधा विमा वेगळा आणि हा विमा वेगळा. साध्या विम्यात युद्धाची जोखीम बहुधा धरलेली नसते, ती वेगळी घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट कागदाची. मालाची जबाबदारी आपल्या बंदरात जहाजावर चढेपर्यंत आपली की तिथल्या बंदरात उतरेपर्यंत आपली, हे सौद्यात आधीच लिहिलेले असते. वाट लांबली, भाडे वाढले तर ते कोणी सोसायचे, याचे उत्तर त्या एका ओळीत असते. ओळखीवर, फोनवर ठरलेल्या सौद्यात ती ओळ कोणी वाचत नाही. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी तरी ती वाचून घ्यावी, समजत नसेल तर गावातल्या कॉलेजात वाणिज्य शाखा आहे, तिथे यावे. चहा पाजू आणि वाचून दाखवू. रमजानात चहा मगरिबनंतर मिळेल, एवढेच.

तिसरी गोष्ट एकाच गिऱ्हाइकावर विसंबून न राहण्याची. आणि चौथी, जी सरकारकडे मागायची आहे, ती म्हणजे सबुरी. बंदी घालायचीच असेल तर आधी मुदत द्या, पाण्यात असलेला माल जाऊ द्या. बाहेरच्यांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते, तसे आपणही त्यांच्याशी वागलो तर आपला शब्द टिकतो. बाजारात शब्द हाच खरा माल असतो.

कुरआनात ‘कुरैश’ नावाची चार आयतींची एक छोटी सूरत आहे. मक्केच्या कुरैश टोळीच्या हिवाळी आणि उन्हाळी प्रवासांचा तिच्यात उल्लेख येतो. भाष्यकार सांगतात की हे काफिले व्यापाराचे होते. हिवाळ्यात ते येमेनला जात आणि उन्हाळ्यात शामला, म्हणजे आजच्या सीरियाकडे. भुकेपासून सुटका आणि भीतीपासून सुटका, या दोन देणग्यांची आठवण ही सूरत देते. व्यापाराला एवढेच दोन लागतात. गंमत अशी की चौदाशे वर्षांनंतरही जगाचा व्यापार येमेनपाशीच अडतो आणि शाममध्ये अजूनही लोक शांततेची वाट पाहत आहेत.

 तरावीहनंतर मशिदीत दुआ होते तेव्हा कोणी आजाऱ्यांसाठी मागतो, कोणी मुलांच्या नोकरीसाठी, आणि बहुतेक वेळा शेवटी जगाच्या अमनसाठी मागितले जाते. त्यावर सगळे सवयीने आमीन म्हणतात. या वर्षी ते आमीन थोडे मनापासून म्हणू या. त्यात गाझाचे मूल आहे, खैरपूरची मजूर बाई आहे, वरूडचा बागायतदार आहे आणि पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये रोजंदारीवर घड साफ करणारी आपली शेजारीणही आहे. तिचा रोजा असो की चतुर्थीचा उपास, कंटेनर वेळेवर निघाला तरच तिचा उद्याचा रोज भरतो.